यंदाचे दगड

बर्फ वितळलं की आमच्याकडे आधी दगड येतात,
मग गहू.
गेल्या वर्षी वेचून साफ केलेल्या रानात
पुन्हा डोकी वर काढतात,
थंडी त्यांना खालून एकेक बोट सरकवत आणते.

सासरे, मिकोला, ट्रॉलीवर बसून मोजायचे.
एकशे चाळीस. एकशे एक्केचाळीस.
कशाला मोजता, म्हटलं तर म्हणायचे,
"आज्याने या जमिनीचे दहा डॉलर भरले होते.
दगड धरून."

दगड मुळात इथले नाहीत.
उत्तरेकडून बर्फ आलं, मैलभर जाड,
वाटेत सापडेल ते पोटाशी धरून,
आणि ऊन वाढलं तसे त्याचे हात सुटले.
सुटले तिथे आमचं शेत.
रस्त्यापलीकडे त्याच्या पाण्याचं तळं साचलं होतं,
तिथे आता श्मिट्झांची काळी, लोण्यासारखी माती,
औषधालाही खडा नाही.
त्यांचं घर दोन मजली.
सोयरीक जुळवताना सस्कॅचवानच्या या कोपऱ्यात
अजून विचारतात,
रस्त्याच्या कुठल्या अंगाला?

टेकाडावरचा मोठा धोंडा मात्र आम्ही हलवला नाही.
बायसन पाठ घासायचे त्याला;
कडा अजून गुळगुळीत, तुकतुकीत,
आणि भोवती खुरांनी झिजलेला खळगा.
बायसन कुठे गेले ते व्हर्ना व्हाइटकाफला विचारावं,
पण ते तोंड मला नाही.
ती येते, चिमूटभर तंबाखू ठेवते, तळवा टेकवते.
प्रार्थना का, मी एकदा विचारलं.
"नाही गं. हालहवाल विचारते."

तारस खाणीत जातो, किलोमीटरभर खाली,
जिथे एक समुद्र आटून
गुलाबी मीठ होऊन पडलाय.
ते खत होऊन आगगाडीने जातं
आम्ही नावही न ऐकलेल्या शिवारांकडे.
समुद्र आमच्यात कुणी पाहिलेला नाही.
पण टॉवेल धुताना पाणी कडवट होतं,
आणि रात्री त्याची मान.

मिकोला नोव्हेंबरात गेले.
जमीन गोठलेली; दोन रात्री वर कोळसे पेटते ठेवले,
तेव्हा कुदळ शिरली.
कमरेइतकं खोल गेल्यावर खणकन आवाज.
तारसने वाकून दगड उचलला,
मातीच्या ढिगावर नाही, बाजूला, ट्रॉलीत ठेवला.
सगळे गप्प.
पाद्रीबाबांनी पुस्तक उघडण्याआधी
कुणीतरी हळूच म्हणालं,
"एक."