दरडोई

निधी डोक्यांमागे येतो,
हे आता विलाकोल्युच्या मेंढ्यांनाही कळलंय.
म्हणून शिरगणतीच्या आदल्या रात्री
एल आल्तो शहरातून अकरा बस निघाल्या,
टपावर गाद्या, आत तीन-तीन पिढ्या,
आणि दोन वर्षं गंजलेल्या कड्या
तेल न मागता उघडल्या.

हिलारिओन तार्की, यंदाचा गावप्रमुख,
वेशीवर वही घेऊन उभा.
न येणाऱ्याला दंड: एक मेंढी,
नाहीतर कालव्यावर चार दिवस.
"एक डोई म्हणजे दहा वर्षं," तो सांगतो,
"दहा वर्षं तुमच्या नावानं इथे काहीतरी येत राहील.
पत्रे, पाइप, एखादी नर्स."
दवाखाना आहेच. डॉक्टर गुरुवारी असतो,
रस्ता असेल तर.
डांबर हद्दीच्या दगडापर्यंत येतं,
पुढे फक्त सवय.

शहरानंही भोंगा फिरवला होता:
जाऊ नका, इथेच थांबा, खड्डे आपलेही आहेत.
खरं आहे. आमच्या गल्लीत
वरून रोपवेचे डबे जातात
आणि खालून उघडं गटार.

मी मोजणारा. वय सतरा,
गळ्यात ओळखपत्र, पेन्सिल सरकारी.
पहाटे चारपासून प्रत्येक दाराला एकच प्रश्न:
काल रात्री इथे कोण झोपलं?

"चौदा जण," एका खोलीतून आवाज येतो.
खोलीत खाट एक.
मी चौदा लिहितो.
झोप लागली का, हे अर्जात विचारलेलं नाही.

बासिलिया पोमा उंबऱ्यावर बसलेली,
डोक्यावर सणाची तपकिरी हॅट.
"मी," ती म्हणते, "आणि हा."
आत अंथरूण. उशाशी बूट, पॉलिश केलेले.
मुलगा साओ पावलोत, शिलाईच्या कारखान्यात,
सहावं वर्ष.
"तो इथे नाही, मावशी."
"मग तिथे मोजतात त्याला?"
"कागद नसतील तर... माहीत नाही."
"म्हणजे डोई आहे," ती हॅट सारखी करते,
"दर नाही."

मी खोडरबर शोधल्यासारखं करतो.

"आणि तुला कुठं लिहिलंय?"
मला?
मी रात्रभर बसमध्ये होतो,
सव्वीस नंबरच्या सीटवर, दप्तर मांडीवर,
हद्दीचा दगड कधी गेला कळलं नाही.
शहरात माझा बिछाना रिकामा,
इथे माझा बिछाना नाही.

ती बाहेर बघते. तारे अजून होते.
"रात्र संपलेली नाही," म्हणते,
आणि बूट बाजूला सरकवते.

मी पाच मिनिटं आडवा झालो.
लोकरीला धुराचा वास,
आणि घडीच्या कपड्यांचा.
उठून रकान्यात दोन लिहिलं.

निघताना बूट घालून पाहिले, तीच म्हणाली म्हणून.
एक नंबर मोठे होत होते.