काटा

संस्थेची जीप गेली, त्याला दोन पावसाळे झाले.
फलक इथंच राहिला. त्याच्यावर सोडे वाळतात,
'सक्षमीकरण'मधल्या क्षवर
मांजर बसतं, राखणीला म्हणे.

आणि काटा राहिला.
तो आला त्या दिवशी कालवं कुणीच तोलली नाहीत.
मैमुनानं तान्हं ठेवलं,
शेवंतीनं सासूची चंची,
मी कोयती.
एकशे ऐंशी ग्रॅम.
तीस वर्षं खडपावर वागवली,
वजन तेव्हा कळलं.

मध्ये काटा मुका झाला, खारं पाणी शिरून.
दहावीला दोनदा बसलेला अल्ताफ म्हणाला, द्या इकडे,
जीपवाल्यांनी डाख द्यायला शिकवलंय.
पहाटे आकडे उजळले.
त्यानं बक्षीस मागितलं नाही,
नुसतं स्वतःचं नाव
काट्याच्या पोटात लिहून ठेवलं.

काल जैतापूरचा शेट आपला काटा घेऊन आला.
'तुमचा चुकतो, बायांनो.'
शेवंती म्हणाली, आधी तुम्ही उभे राहा. दोन्हींवर.

आमच्यावर त्र्याऐंशी.
त्याच्यावर अठ्ठ्याहत्तर.

हसलं कुणी नाही.
खाडीला ओहोटी होती,
टोपल्या पाणी गाळत होत्या,
आणि शेट
चपला शोधत होता.