संधी किती

कोरवलीकरांचा फोन आला,
दोनशे शब्द द्या बाई, रविवारच्या पानासाठी,
मुलींच्या संघाला संधी किती?
तुम्ही स्वतः खेळलेल्या आहात.

खेळलेली आहे.
उजव्या गुडघ्यात अजून एक स्क्रू आहे,
सोलापूरच्या मार्चात तो हाडाआधी तापतो.

हिशोब तसा सोपा.
एका साधनावर चौघी उतरतात, तिघींचे गुण धरतात.
बिनती देबबर्मा व्हॉल्टवर भरवशाची.
ईशानी माइतीचा खांदा टेपने बांधलेला.
हरनूर सोळाची, भीती कुठे राहते
ते तिला अजून ठाऊक नाही.
गार्गी निषाद बारवर हात बदलताना श्वास रोखते,
व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिलंय मी.
आणि पाचवी आमची, विडी घरकुलातली,
श्रीलता येमूल.

गेल्या खेपेस बारा संघांत अकरावे.
फायनलला आठ जातात.
आठव्यापासून आपण सव्वा गुण मागे,
आणि एक पडणं म्हणजे एक अख्खा गुण.
म्हणजे कुणीच पडलं नाही तर

इथे पेन थांबतं.
कुणीच पडलं नाही तर,
आमच्या वेळी सरांनीही फळ्यावर लिहिलं होतं,
खाली दोन रेघा ओढून.

श्रीलता तीन दिवसांसाठी घरी आलीय.
आज पाण्याचा दिवस, पाचव्या दिवसाचा,
आधी तिने पिंपं भरली,
अम्माचं तयार विड्यांचं सूप
ओल लागू नये म्हणून फळीवर सरकवलं,
मग हॉलवर आली.

हॉल म्हणजे बंद कारखान्याची मागची शेड.
यंत्रमाग भंगारात गेले, तेलाचा वास राहिला.
बीम इथेच केलेला, सागाचा, दहा सेंटीमीटर रुंद.
त्यावर तिच्या वडिलांनी, नरसय्यांनी,
चादर ताणून ठोकली, मोराची,
विणीत चूक निघाली म्हणून न खपलेली.
बोटांनी मापून म्हणाले,
हे तर टॉवेलच्या काठाएवढं. एवढ्यावर उडी मारायची?
मारायची.

शिबिरातल्या कोच म्हणाल्या म्हणे,
तुझे तळवे सारखं काहीतरी शोधतात.
मोराची मान, मॅडम.
मान संपली की गिरकी.
तिथल्या मऊ कातड्यावर मोर नाही.

कोरवलीकर, हे दोनशे शब्दांत कुठे घालू?

पुन्हा फोन. पदक लिहू का?
आठवा नंबर लिहा.
आठव्याचा मथळा होत नाही हो.

अम्मा साडेसहाला आली,
हजार विड्या कारखान्यात मोजून देऊन.
दाराशी टेकली. व्हॉल्ट, बार, गुण
यातलं ती काही विचारत नाही.
पडिते लेय, एवढंच.
पडलीस तर ऊठ.
आमच्या मराठी पोरींना ऐकू येतं, लय पडते.
त्या हसतात.
दोन्ही खरंच आहे.

सात वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली.
ती बीमच्या टोकाशी, पाठ आमच्याकडे,
हात वर.
थांब म्हणायला मी तोंड उघडलं
तोवर लाकूड वाजलं होतं,
एकदा, परत एकदा,
मग नुसती हवा.

अंधारात उतरण्याचा हिशोब कानांनी होतो.
एक आवाज, तर दोन्ही पाय मिळून टेकले.
दोन, तर एक पुढे सरकला, थोडे गुण गेले.
तीन, तर गुडघा.
तिसरा आवाज मी ओळखते.

एकच आला.

दाराशी अम्माच्या बांगड्या हलल्या. कुणी बोललं नाही.

लाइट आली तेव्हा श्रीलता
गादीखाली वाकून दुसरी चप्पल शोधत होती,
आणि म्हणत होती, बाई, पहाटेची गाडी आहे,
या चादरीची एक चिंधी कापून देता का?