मिशीचा रकाना

क्लाइपेदा बंदरापासून दोन गल्ल्या आत
स्काइद्रेचं श्रवणयंत्रांचं दुकान.
मी कौनासहून आलो, तासाच्या बोलीवर,
तिच्या सॉफ्टवेअरचं काय बिनसलंय ते पाहायला.

बिनसलं काहीच नव्हतं.
ते अगदी नेमाने, दर मंगळवारी दहाच्या ठोक्याला,
ऐकू न येणाऱ्या एकशे बारा माणसांना
आपणहून फोन लावत होतं
आणि संध्याकाळी अहवालात लिहीत होतं:
ग्राहकाचा प्रतिसाद नाही.

स्काइद्रे हसली नाही.
दोन वर्षं हप्ता भरतेय याचा, म्हणाली,
आणि गल्ल्याखालून एक वही काढली,
कोपरे झिजलेली, रबर लावलेली.

याकुबाउस्कास – डावीकडे बसा.
पेत्रुलिएने – निरोप धाकट्या मुलीला. थोरलीशी बोलत नाहीत.
मोर्ता, शिंपीण – ओठ वाचते. मिशीवाल्या पोराला पाठवू नका.

तीन दिवस मी ती वही फोडत बसलो,
एकेका ओळीचे रकाने पाडत.
कुठला कान. बसायचं कुठे.
फोन, की पत्र, की दारावर थाप.
कंपनीने घालून दिलेले हुद्दा, वार्षिक उलाढाल,
सगळे आड टाकले.
सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईचा हुद्दा काय लिहिणार?
मिशीसाठी वेगळा रकाना करायला
मी आधी तयार नव्हतो.
केला.

चौथ्या दिवशी जोडण्या.
दुरुस्तीचं टेबल, भेटींचं कॅलेंडर, सेलचं कपाट:
एकाच छताखाली इतकी वर्षं
आणि एकमेकांशी अबोला.
सेलचा हिशेब तोवर नुसती मोजदाद होती.
एक सेल आठवडाभर चालतो,
दोन कानांना सहाची पट्टी तीन आठवडे.
आता प्रत्येक पट्टीला नाव लागलं.

संध्याकाळी पडद्यावर एक नाव पिवळं झालं.
ब्रुझास, वय एक्याऐंशी, पूर्वी गोदीत क्रेनवर.
जानेवारीपासून एकही पट्टी नाही.
नोंद चुकली असेल, मी म्हटलं, तपासतो.
दुसरीकडून घेत असेल.
दुसरीकडे कुठे जाईल तो, म्हणत
तिने कोट चढवला, खिशात दोन पट्ट्या टाकल्या.
मी का गेलो बरोबर?
तास चालू होते.

चौथा मजला. बेल दाबली की आत दिवा पेटतो,
हे रकान्यात होतं.
टेबलावर दोन्ही यंत्रं एका बशीत,
बशी स्वच्छ घासलेली.
बिघडलीत का, तिने विचारलं, सावकाश, पूर्ण ओठांनी.
नाही, तो म्हणाला, जरा मोठ्यानेच.
एल्झे गेली डिसेंबरात.
आता घरात बोलतो तो फ्रिज.
त्याच्यासाठी कशाला सेल जाळायचे?

स्काइद्रे त्याच्या उजव्या हाताला बसली.
काय बोलली मला कळलं नाही,
माझे दोन्ही कान शाबूत असून.
मी स्वयंपाकघरात किटलीपाशी उभा होतो,
झाकण वाजायला लागलं
तरी त्याची मान वळली नाही.

परतताना ती म्हणाली, एक रकाना अजून हवा.
नाव काय देऊ?
पूल ओलांडेपर्यंत बोलली नाही.
'घरात बोलायला कोण.'
हो-नाही ठेवू, की यादीतून निवड?
मोकळा ठेव. जागा जास्त दे.

दुसऱ्या दिवशी गाडी पकडण्याआधी
मी विक्रीची नोंद केली: ब्रुझास, पट्ट्या दोन.
सॉफ्टवेअरने ताबडतोब पिवळा रंग पुसला.
स्काइद्रे खांद्यावरून पाहत होती.
पिवळाच राहू दे, म्हणाली.
विकलेत आपण.
त्याने घातलेत कुठे?