खरी नक्कल

अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लावलं.
खिडकीतल्या डिंकाच्या ब्रशाला केस उरलेत चार.
नातं? मयताची मुलगी.
कारण? त्या रकान्यात जागा दोन बोटं.
लिहिलं, घरगुती कामासाठी,
माझ्या शाळेच्या रजाचिठ्ठीवर अप्पा लिहायचे तसं.

शहर पोलीस ठाण्यात म्हणाले, इतकं जुनं ठेवत नाय आम्ही,
मुदत संपली की नाश. कोर्टात बघा.
कोर्टात म्हणाले, राजवाड्यातनं विजयनगरला येताना
गठ्ठे ट्रॉलीतनं आले,
काही आले नाहीत,
काही त्याआधीच कृष्णेनं नेलेले.
कोळेकर क्लार्क तसा भला माणूस.
डब्याचं झाकण उघडत म्हणाला,
ताई, चाळीस वर्सं झाली की ओ,
आता कुणाला दाखवायचंय?

कुणाला?
हळदीच्या पेठेत अप्पांच्या काट्यावर ज्यांची पोती चढली
ते गेले सगळे.
पण थोरलीच्या बोलणीत कुणी एक मामा
सुपारी कातरत म्हणालेला,
ते सायकलचं काय झालं ओ शेवटाला?
आणि आई पोह्यांची बशी पुढं सारत,
सुटले की. निर्दोष.
त्या एका शब्दावर आम्ही तिघी बहिणी नांदायला गेलो.
तो मला कागदावर पाहिजे.

पाचवी खेप.
रेकॉर्ड रूममध्ये मुजावर, तोंडाला रुमाल.
लोखंडी रॅकवर गाळाची रेघ, माझ्या छातीएवढी.
रेघेखालचा लगदा झाला, म्हणाला,
त्र्याऐंशी साल चार बोटं वर होतं, नशीब तुमचं.
लाल फडक्याची गाठ त्यानं दातांनी सोडवली.

इसम नामे भूपाल आदगोंडा मगदूम,
वय एकोणतीस, धंदा तोलारी.
एकोणतीस!
आज मी त्यांच्याहून सोळा वर्षांनी मोठी.
बाकड्यावर सरकून
मी त्यांना जरा जागा करून दिली.

मिळून आली ती एक सायकल,
हिरवी, जुनी वापरती,
चेनकव्हर चेपलेलं, घंटी नसलेली.
पंचांनी वाचून पाहिलं, बरोबर आहे म्हणाले.
आरोपीच्या निवेदनाखाली निळा अंगठा.
अप्पांना सही येत होती.
ळ काढताना पेन उचलायचे नाहीत
अशी वळणदार सही.
इथं अंगठा का,
ते फायलीत नाही.

शेवटचं पान.
सबब, आरोपीस संशयाचा फायदा देऊन
सोडण्यात येत आहे.
बोट ठेवून तीनदा वाचलं.
निर्दोष कुठंच नाही.
पोत्यामागं कडता धरतात ना हळदीत,
तेवढा धरलेला,
तेवढ्यावर सुटलेला माणूस.
पुढं सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचं वजन बिनचूक करत राहिला
आणि घरात तराजू आणू दिला नाही कधी.

अकरा पानं. पैसे भरले.
कोळेकरनं प्रत्येक पानावर शिक्का मारला,
खरी नक्कल, खरी नक्कल,
शेवटी शेवटी शाई संपून नुसतं नक्कल.

रात्री धाकटीचा फोन, मिळाला का?
मिळाला.
काय लिहिलंय?
सुटले म्हणून.
आणि?
आईच्या मशीनचा खण मी उघडलेलाच होता.
बॉबिनं, खडू, मोडकी कात्री,
आणि तळाशी ती,
जिच्यावर आम्ही तिघी कंडक्टर कंडक्टर खेळायचो,
कुठली, कुणाची, कधी विचारलं नाही.
अगं बोल की, धाकटी म्हणाली.
गंजलेल्या कळीवर माझा अंगठा होता.
दाबला नाही.