खांद्याचं पितळ

दस्तगीर मास्तर मोजायचे कानडीत,
रागवायचे दखनीत,
आणि समजावून सांगायची वेळ आली
की मराठीत यायचे.
बेळगावात, खडे बाजारामागच्या बोळात
हत्यार-दुरुस्तीचा परवाना काचेत लावलेला,
त्याखाली स्टुलावर मी,
आयटीआयचं दुसरं वर्ष अर्धं टाकून आलेला,
हातात पितळेची रिकामी पुंगळी.

ते तिला केस म्हणायचे.
मला बरेच दिवस डोक्यावरचाच ऐकू यायचा.

"ही मुळात दुसऱ्याच बंदुकीची.
हिला आपण वळवली.
तापवली, डायमध्ये दाबली, खांदा खाली ढकलला.
आता बघ, काल जे खांदा होतं
ते आज मान झालंय.
खरं पितळ इसरत नाही.
खांद्याची जाडी मानेत घेऊन बसतंय."
मायक्रोमीटरही तेच म्हणाला,
मास्तरांपेक्षा कमी शब्दांत:
तीन थौ जास्त.

रायफल सटूबाई गावकरांची,
कणकुंबीच्या पुढं, चोर्ल्याच्या अल्याड त्यांची नाचणी.
नवरा गेल्यावर डीसी ऑफिसात अकरा खेपा घालून
लायसन त्यांनी आपल्या नावावर करून घेतलं;
तोवर त्या मापाची काडतुसं
कुणी बनवायचंच बंद केलेलं.
"मारतंय कोण," त्या म्हणाल्या.
"वर धरायची, एक बार काढायचा.
डुकरं उठून जातात. झालं."

त्या बसला गेल्यावर मी विचारलं,
आभाळाला कसला नेम, मास्तर?
तीन थौंसाठी एवढा जीव कशाला काढायचा?

त्यांनी कटर खाली ठेवला.
"जाड मान चेंबरात दाटते.
गोळी सोडायला तिला फुलायला लागतंय,
फुलायला जागा नाही.
मग जोर मागं वळतो.
गोळी जाईल आभाळात, खरं बार कुठं फुटतो?"
आणि चार बोटं
स्वतःच्या नाही, माझ्या गालाशी धरली.
बोटांना तेलाचा वास होता.
"हितं."

मग दिवसभर तेच.
मान मँड्रेलवर चढवायची, तेलाचा एक थेंब,
पातं टेकवायचं, टेकवायचंच, दाबायचं नाही,
आणि मनगटानं फिरवायचं.
पितळ सुटायचं केसाएवढं, पिवळं, गरम,
बाहीला चिकटायचं, जेवताना ताटात निघायचं.
ओंदु. येरडु. मूरु.
प्रत्येक वेळी चारी बाजूंनी माप.
एका अंगाला पातळ, दुसऱ्या अंगाला जाड
अशी मान असते, बाहेरून कळत नाही.

सातव्याला माझा हात पुढं सरकला.
पातं खांद्यात घुसलं, बारीक खाच पडली,
नखाला लागेल न लागेल एवढी.
मी ती बाकीच्यांत उभी केली.
चांगली दिसत होती.
मास्तरांनी न बघता, नुसत्या अंगठ्यानं शोधली,
पकडीत धरून चेचून सपाट केली
आणि डब्यात टाकली.
ओरडले नाहीत. दखनीतसुद्धा नाही.
"चुकलेली जपून ठेवायची नसते.
अंधारात हात फसतो. आणि तिकडं लाइट नसते."

त्या रात्री मी घरी
चमच्याची कडसुद्धा अंगठ्यानं तपासली.

बारा तयार झाली. वहीत नोंद, दोन सह्या,
सटूबाईंची मराठीत, मास्तरांची वाचता न येणारी.

सुगी सरल्यावर त्या खानापुरावरून आल्या,
नाचणीची पिशवी, फडक्यात पाच रिकाम्या केसी.
मास्तरांनी एकेक उचलून ट्यूबलाइटकडं धरली,
मानेतून बघितलं, दुर्बीण बघावी तसं.
तोंडं काळी पडलेली.
चीर एकीलाही नाही.

मी वाट बघत होतो, काहीतरी बोलतील माझ्याबद्दल.
ते म्हणाले, "गाल कसा हाय, सटूबाई?"

काय लागलंय म्हणून
त्यांनी पदरानं गाल पुसला.