प्रश्न एकोणीस

अजून ओढता का?
रोज किती?
पहिली कितव्या वर्षी?
पुरिता आवाज सपाट ठेवून विचारते,
तसं शिकवलेलंच आहे तिला.
मी सांगते: सोडली. दहा. चौदाव्या.
कालिहीच्या दवाखान्यातला टेबलफॅन
प्रत्येक उत्तराला नाही नाही म्हणत मान फिरवतो.

एकोणीसवर ती थांबते.
वंश. एकच रकाना भरा.

बाबा कहेले, वाइआनेच्या किनाऱ्यावरचे,
समुद्र आणि ते दोघंही तिथलेच.
आई हिसाए, तिचे आजोबा कुमामोतोहून
ऊस तोडायच्या करारावर आलेले.
इविलेईच्या अननसाच्या कारखान्यात
ती डोळे काढायच्या रांगेत, तो डबे रचायला.
सुट्टीचा भोंगा झाला की मागच्या भिंतीशी
एका पाकिटाचे दोन वाटे:
दहा तिच्या, दहा त्याच्या.
हिशोबाला चोख माणसं, अकरावी कोणी घेतली नाही
चाळीस वर्षं.
तोच तंबाखू, तीच काडी,
ती विझवणारा वाराही तोच.

बाबा एकसष्टाव्या वर्षी गेले.
एक्स-रेत उजवीकडे
अननसाच्या डोळ्याएवढा ठिपका.
आई डॉक्टरला म्हणाली,
एवढाच ना? कोरून काढा की,
मी दिवसाला हजारो काढत होते.

आई आता एक्क्याण्णव.
तिन्हीसांजेला पायरीवर बसून अजून एक ओढते
आणि कोणी भेटायला आलं की
विचारायच्या आत सांगते:
दहाच ओढल्या मी, त्याच्याइतक्याच.
शपथ घेतल्यासारखं सांगते,
जगल्याचा आळ आल्यासारखं.

पुरिताच्या मागे भिंतीवर तक्ता आहे,
पाच रंग, पाच रेघा.
दहाच्या आकड्यावर बोट ठेवून वर गेलं
की आधी आई लागते,
मग बरंच वर, बाबा.
का, हे तक्त्यावर नाही.
पुरिता सांगते: कोणाचं शरीर निकोटीन हळू पचवतं,
त्याला थोडा धूर पुरतो;
कोणी तीच सिगारेट खोल, बुडापर्यंत ओढतो;
कोणाला डॉक्टर उशिरा भेटतो.
मग पेन्सिल खाली ठेवते.
आणि कोणाची जमीन जाते, म्हणते.
हे फॉर्मबाहेरचं.

बाबांच्या भाषेत श्वास म्हणजे हा.
माणूस भेटला की कपाळाला कपाळ, नाकाला नाक
लावून त्याचा हा आत घ्यायचा.
आईला ते कधी जमलं नाही,
ती आपली कमरेत वाकायची, लग्नातसुद्धा.
शेवटच्या रात्री मात्र
ऑक्सिजनची नळी बाजूला सारून
तिने डोकं टेकवलं
आणि नर्स ओरडेपर्यंत उचललं नाही.

तेव्हापासून तिच्या छातीत कोण आहे
हे कुठल्या रेघेत धरायचं?
आणि माझ्या दहांतल्या
पाच कोणाच्या, पाच कोणाच्या?
का ओढताना मी
कधी आईसारखी ओढली, कधी बाबांसारखी?

अर्धा रकाना भरता येतो का?
येत नाही, पुरिता म्हणते. मशीन घेत नाही.
तिचा नवरा सामोअन आहे. तिची मुलं
हा फॉर्म अजून भरायच्या वयाची नाहीत.

मग कोणता?
हा, मी म्हणते.
तिला वाटतं मी बोट दाखवतेय.
ती कागदावर वाकून बघते,
पेन्सिलीचं टोक दोन रकान्यांमधल्या रेषेवर.

बरं, राहू दे, म्हणते, पुढचा सोपा आहे:
घरात आणखी कोण ओढतं?